पहिल्या वर्षाच्या वहीत नेमके काय लिहावे?

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार. माझी मुलगी येत्या मार्चमध्ये एक वर्षाची होईल. डोहाळजेवणाला मैत्रिणींनी मला कापडी बांधणीची एक सुरेख वही भेट दिली होती. बाळाच्या पहिल्या वर्षाच्या आठवणी तीत लिहायच्या आणि मुलगी जाणती झाली की ती तिच्या हाती द्यायची, अशी त्यामागची कल्पना. ‘पहिले हसू’, ‘पहिला दात’, ‘पहिले पाऊल’ अशी छापील शीर्षके असलेली तिची बहुतेक पाने अजून कोरी आहेत. वाढदिवसापूर्वी ती भरावीत म्हणून आता लिहायला बसले, तेव्हा दोन ठिकाणी लेखणी अडली, आणि म्हणून हा प्रश्न येथे मांडत आहे.

पहिली अडचण सुरुवातीच्या महिन्यांची आहे. माझे बाळंतपण जळगावला माहेरी झाले. खानदेशातला चैत्र-वैशाख, बाहेर पारा बेचाळीसच्या वर, बाजेखाली शेगडी, कानांना घट्ट बांधलेला रुमाल, आणि बाळंतिणीच्या खोलीत कूलर लावायचा नाही हा आजीचा दंडक. तेल लावून न्हाऊ घालणाऱ्या मावशी सकाळी आठच्या ठोक्याला येत. डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, शेपूची भाजी यांत कधी खंड पडला नाही. माझी आणि बाळाची कुणी हयगय केली असे मी चुकूनही म्हणणार नाही. मात्र ‘तुला पहिल्यांदा पाहिले आणि उर भरून आला’ हे जे वाक्य त्या पानावर अपेक्षित आहे, ते माझ्या हातून लिहिले जात नाही, कारण तसे घडले नाही. तेव्हा मी फक्त कामे करत होते. फोनमध्ये त्या काळातल्या माझ्या नोंदी आहेत: ‘डावी, वीस मिनिटे’, ‘उजवी, झोपली’, ‘ढेकर नाही’, ‘शी पातळ’. पानेच्या पाने एवढेच आहे. माया नंतर आली, भरपूर आली, पण ती कोणत्या दिवशी आली हे मला सांगता येणार नाही. मुलगी पालथी पडू लागली त्या सुमारास केव्हातरी माझ्या लक्षात आले की ती आलेलीच आहे.

दुसरी अडचण नोकरीची. प्रसूती रजा २६ आठवड्यांची असली तरी त्यांतले चार आठवडे प्रसूतीपूर्वीच गेले, त्यामुळे मी कामावर रुजू झाले तेव्हा मुलीने पाच महिने नुकते ओलांडले होते. उष्टावण रविवारी ठेवल्याने मला मिळाले. पण ती रांगली ती सासूबाईंसमोर. पहिला दात कळला तो पाळणाघरातल्या मावशींना, वरणाचे पाणी भरवताना चमच्यावर टक् असा आवाज आला तेव्हा. पलंगाची कड धरून ती उभी राहिली, ते मी कार्यालयातल्या बैठकीत, टेबलाखाली धरलेल्या फोनवर पाहिले. आता ‘पहिले’ या सदराखाली मी जे लिहीन ते सारे ऐकीव असणार.

तर प्रश्न असा की हे सगळे आहे तसे वहीत लिहावे का? तुम्ही तुमच्या मुलांच्या पहिल्या वर्षाचे काय टिपून ठेवले आणि आज त्यातले काय उपयोगी वाटते? ‘सगळ्यांचे असेच असते’ एवढ्यावर कृपया सोडू नका. ते मला घरात रोज ऐकायला मिळते.

---

परसदार (रत्नागिरी)

मुली, तुझ्याहून दुप्पट वयाची आहे, म्हणून एकेरी हाक मारते; राग मानू नकोस.

माझी तिन्ही मुले १९७९ ते १९८६ या काळातली. आम्हांला अशी वही कुणी दिली नाही, आणि दिली असती तरी लिहायला बसू कोण देणार होते? मात्र स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीवर दिनदर्शिका असे आणि तिच्या चौकटींत मी पेन्सिलीने हिशेब लिहीत असे. वर्ष संपले की ती पाने टाकायची नाहीत, कपाटाच्या फळीवर अंथरायची, ही आमच्या घरची काटकसर. त्यामुळे १९८३ सालची काही पाने अजून शाबूत आहेत. मे महिन्याच्या पानावर पाहा काय आहे: ‘रॉकेल ५ लि.’, ‘आंब्याची पेटी काकांस’, ‘बाबूस खालचा दात’, ‘दूध बंद दोन दिवस’. आणि एका चौकटीत नुसते ‘झोपला’ इतकेच लिहिलेले आहे. केवढी ती रात्र असेल, की सकाळी उठून हिशेबाच्या जागी ते लिहावेसे वाटले! माझ्या धाकट्याने ते पान गेल्या वर्षी फोटो काढून नेले. त्याला आईने लिहिलेले चार पानी पत्र हाती लागले असते तर तो इतका हरखला असता की नाही, मला शंका आहे. तुझ्या त्या ‘ढेकर नाही’च्या नोंदी पुसू नकोस. वहीची निम्मी पाने त्यांनीच भरतील.

आता मायेचे. आमचे घर अकरा माणसांचे. मूल माझ्या मांडीवर यायचे ते पाजण्यापुरते. एरवी ते आजीकडे, आत्याकडे, नाहीतर ओटीवर पाळण्यात. मला माया कधी उत्पन्न झाली हे मला कुणी विचारले नाही आणि मी स्वतःलाही विचारले नाही. ते बरे होते असे माझे म्हणणे नाही. न विचारल्यामुळे कितीतरी बायका आतल्या आत कुढल्या, हेही मी पाहिले आहे. पण प्रत्येक गोष्ट पहिल्यांदा आईनेच पाहिली पाहिजे, ही समजूत मात्र अलीकडची दिसते. आमच्याकडे पोर पहिले पाऊल टाकी ते ज्याच्या पुढ्यात टाकी त्याच्याकडून गुळाचा खडा साऱ्या घराला मिळे. तेवढाच त्याचा मान. मी तेव्हा विहिरीवर होते की शेतावर, हे कुणी विचारले नाही.

जाता जाता एक. बाळगुटीचा विषय तुझ्या घरी निघाला असेल तर भांडू नकोस. वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, जायफळ सहाणेवर किती वेढे उगाळायचे, हे माझ्या सासूबाईंचे राखीव क्षेत्र होते. आता पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नको, पाणीही नको, असे सगळेच डॉक्टर सांगतात. सुनेच्या वेळी मी ती सहाण मुकाट्याने देवघरात चंदनासाठी नेऊन ठेवली.

---

रात्रपाळी (सोलापूर)

मी प्रसूती विभागात परिचारिका आहे. गोदाकाठ यांच्या पहिल्या अडचणीबद्दल कामाच्या अनुभवातून थोडे लिहिते.

नवजात बाळाची नजर साधारण वीस ते तीस सेंटिमीटरवर स्थिरावते, म्हणजे अंगावर पाजताना आईचा चेहरा जेवढ्या अंतरावर असतो तेवढ्यावर. त्यापलीकडचे सगळे त्याला धूसर. माणसाकडे पाहून ते ओळखीचे हसते ते सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास. बहुतेक बाळांचे रडणेही सहाव्या आठवड्याच्या आसपासच सर्वांत जास्त असते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ते पुष्कळ कमी होते. याचा अर्थ असा की पहिला दीड महिना आईने दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजायचे, प्रत्येक वेळी ढेकर काढायची, शरीराच्या जखमा भरून यायच्या, आणि समोरून उत्तर म्हणून मिळणार ते रडणे. या काळात आईच्या मनात कर्तव्याखेरीज दुसरे काही उमटले नाही तर त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. काहींना पहिल्या क्षणीच भरून येते, काहींना महिने लागतात. दोन्ही प्रकारच्या आया मी रोज पाहते आणि पुढे त्यांच्या मुलांकडे पाहून कोण कोणती, हे ओळखता येत नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून सांगते, कारण हे वाचणाऱ्यांत एखादी ओली बाळंतीण असू शकेल. प्रसूतीनंतर पहिल्या काही दिवसांत विनाकारण रडू येणे, चिडचिड होणे हे पुष्कळ जणींना होते आणि दोन आठवड्यांत ते ओसरते. ते त्यापुढेही टिकले, बाळ झोपलेले असतानाही झोप लागेनाशी झाली, कशातच मन रमेना, आपल्यामुळे बाळाचे नुकसान होते आहे असे वाटू लागले, तर तो स्वभाव किंवा थकवा म्हणून सोडून देऊ नये. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार मनात आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीतून बोलता येते. घरच्यांनी ‘पाचवीची पूजा नीट झाली नाही’, ‘दृष्ट लागली’ अशी कारणे काढून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या तर ओवाळू द्याव्यात, पण डॉक्टरांची भेट त्यासाठी पुढे ढकलू नये.

आणि वहीबद्दल: लसीकरणाचे माता-बाल संरक्षण कार्ड आहे ना, त्याच्या सगळ्या पानांची प्रत तिच्यात चिकटवा. जन्माचे वजन, पाचव्या महिन्याच्या आसपास त्याचे झालेले दुप्पट, वर्षाला होणारे तिप्पट, दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या सुया, नवव्या महिन्याची गोवर-रुबेला, सगळे तारीखवार आहे. ती नोंद ऐकीव नाही.

---

हिवाळी दुपार (म्युनिक)

मी तुमच्या अगदी उलट टोकाला होते, म्हणून लिहिते आहे.

आमचा मुलगा ऑक्टोबरात झाला. आईबाबा आले, पण पर्यटक म्हणून नव्वद दिवसांपलीकडे त्यांना येथे राहता येत नाही, त्यामुळे संक्रांतीपूर्वीच त्यांना विमानतळावर सोडावे लागले. जर्मनीत प्रसूतीनंतर ‘हेबामं’, म्हणजे प्रशिक्षित सुईण, घरी येते. सुरुवातीच्या दहा दिवसांत रोज आणि पुढे बारा आठवड्यांपर्यंत अधूनमधून, आणि तिचा खर्च सरकारमान्य आरोग्य विमा भागवतो. आमच्या हेबामंने आईच्या शेगडीच्या आग्रहाला हसून नकार दिला, पण ओव्याच्या पाण्याला आणि तेलाच्या मालिशला दोन्ही हातांनी आशीर्वाद दिला. भाषा येत नसूनही त्या दोघींचे छान जमले. ती यायची थांबली, आई परतली, आणि नवरा सकाळी सातला बाहेर पडू लागला. दुपारी साडेचारला अंधार. तुम्हांला जी खंत आहे ती मला असण्याचा प्रश्नच नव्हता. मुलाचे पालथे पडणे, बसणे, रांगणे, पहिला ‘बा’, सगळे मी एकटीने पाहिले, आणि पाहिल्यावर खोलीत मागे वळून सांगायला कुणी नव्हते. भारतात तेव्हा रात्र झालेली असायची. चित्रफीत पाठवायची आणि सकाळी उत्तराची वाट पाहायची.

तुमच्या मुलीचे रांगणे सासूबाईंनी पाहिले आणि संध्याकाळी दारातच तुम्हांला सांगितले असेल. ते सांगणे कसे होते, त्यांनी स्वतः हात टेकून करून दाखवले का, तेच लिहा. मला तो अनुभव विकत घेता आला असता तर घेतला असता.

मी काय केले तेही सांगते. येथे बाळाच्या तपासण्यांसाठी पिवळ्या रंगाची एक पुस्तिका मिळते. पहिल्या वर्षात सहा तपासण्या असतात आणि सहावी दहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान. प्रत्येक तपासणीहून परतताना ट्राममध्ये मी फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेवत असे, पाच मिनिटे, मराठीत, त्या दिवशी जे सुचेल ते. एकीत मी डॉक्टरांनी दिलेल्या ‘ड’ जीवनसत्त्वाच्या थेंबांची तक्रार करते आहे आणि मागे तो कोकलतो आहे. लिहायला वेळ नसणाऱ्यांना हा मार्ग सुचवीन.

बोरन्हाणही केले. बोरे मिळाली नाहीत. भारतीय दुकानातले चुरमुरे, पुण्याहून आलेला हलवा आणि काळे झबले यांवर भागवले. ज्यांना येत्या संक्रांतीला करायचे आहे त्यांना एकच सूचना: हलवा आणि शेंगदाणे डोक्यावरून पडताच मोठ्या माणसांनी वेचून घ्यावेत, कारण रांगते मूल तेच आधी तोंडात घालते आणि ते घशात अडकू शकते.

---

ताराराणी चौक (कोल्हापूर)

वरील सर्वांचा आदर राखून थोडे वेगळे म्हणते.

आईने आपल्या पहिल्या महिन्यांचे सगळे मळभ मुलीसाठी ठेवलेल्या वहीत ओतावे, हे मला पटत नाही. खरे लिहावे यात वाद नाही. पण ते कुणासाठी लिहायचे हे आधी ठरवावे लागते. ही वही तुम्ही मुलीला देणार आहात. ती पंधरा-सोळा वर्षांची असताना, आधीच स्वतःवर रुष्ट असताना, ‘तुला पाहून मला काहीच वाटले नाही’ हे वाक्य तिने एकटीने वाचले तर त्यापुढची ‘माया नंतर भरपूर आली’ ही ओळ तिच्या डोळ्यांत भरेलच याची काय शाश्वती? माझ्या आईने मला असेच काही सांगितले होते, पण केव्हा, तर मी स्वतः बाळंतीण असताना, रात्री तीन वाजता, मुलाला खांद्यावर घेऊन मी येरझाऱ्या घालत असताना. तेव्हा त्या सांगण्याचा मला आधार झाला. पंधराव्या वर्षी झाला असता असे वाटत नाही.

म्हणून दोन वह्या कराव्यात. एक तुमची, कपाटात, कुलपात म्हणा हवे तर. दुसरी तिची. तिच्या वहीत खोटे वाक्य एकही नको. ‘पहिली भेट’ या पानावर ‘तू जन्मलीस तेव्हा जळगावात बेचाळीस अंश तापमान होते आणि पणजीने कूलर लावू दिला नाही’ एवढेच लिहिले तरी पान खरे आणि वाचनीय होते. छापील शीर्षकाला अपेक्षित वाक्य पुरवण्याचे बंधन आपल्यावर नाही. अशा वह्या काढणाऱ्यांनी प्रत्येक पानावर ‘पहिले’ का छापावे हेही मला न उमगलेले कोडे आहे. माझ्या मुलाचे दहाव्यांदा रांगणे पहिल्यापेक्षा कितीतरी पाहण्याजोगे होते. पहिल्या वेळी तो मागे मागे सरकत पलंगाखाली गेला होता.

शेवटी नोकरीबद्दल. तुमची मुलगी अजून अंगावर पीत असेल तर मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळात पाजण्यासाठी दोन वेळा सुट्टी देण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी, आईला दिवसातून चार वेळा तेथे जाऊ द्यावे, हे प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीत आले आहे. पुष्कळ कार्यालयांत हे कुणी आपणहून सांगत नाही. विचारून पाहा.

---

ठाण्याचा बाबा

येथे आयांचीच चर्चा आहे, तरी दोन ओळी. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला पितृत्वाची पंधरा दिवसांची रजा मिळते. आमच्यासारख्या खासगी नोकरीतल्यांना मालकाच्या मर्जीवर. मला आठवडाभर मिळाली. त्यानंतर मी घरी पोहोचेपर्यंत मुलगा झोपलेला असे. म्हणून आम्ही त्याची आंघोळ सकाळऐवजी पहाटे, मी निघण्यापूर्वी, ठेवली, आणि ती पूर्णपणे माझ्याकडे आली: पायांवर पालथे घालून पाठ चोळणे, टाळूवर तेल, कानामागचे पुसणे, धुपाटणे. शेजारच्या आजी पहिले काही दिवस खिडकीतून पाहून हळहळत, मग त्यांनीच मला पाय कसे लांब करायचे ते शिकवले. माझ्या पहिल्या वर्षाच्या आठवणी जवळजवळ सगळ्या त्या मोरीतल्या आहेत. गोदाकाठ ताईंच्या वहीत मुलीच्या बाबांनी काही लिहिले आहे का, हे विचारावेसे वाटले.

---

गोदाकाठ (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. इतके सविस्तर उत्तर मिळेल असे वाटले नव्हते.

ताराराणी चौक यांचे दोन वह्यांचे म्हणणे मला पटले आहे. पहिल्या महिन्यांविषयी जे लिहायचे ते मी वेगळे लिहीन आणि ते मुलीला केव्हा सांगायचे, सांगायचे की नाही, हे पुढे ठरवेन. रात्रपाळी ताईंनी जे लिहिले ते मी माझ्या धाकट्या जावेला पाठवले आहे. ती सहाव्या महिन्यात आहे.

परसदार आजी, तुमच्या ‘झोपला’ या चौकटीने मार्ग सुचवला. मी असे ठरवले आहे की ‘पहिले’ म्हणून जे जे घडले, त्या प्रत्येकापुढे ते कुणी पाहिले त्याचे नाव घालायचे आणि शक्यतो ज्याने पाहिले त्यानेच ते लिहायचे. काल वही सासूबाईंच्या हाती दिली. आधी ‘माझे अक्षर कुठे चांगले’ म्हणून त्यांनी ती परत केली. रात्री जेवणानंतर मात्र चष्मा मागून घेतला आणि रांगण्याच्या पानावर त्यांनी जे लिहिले त्यात मुलगी तीन ओळींत आहे आणि तिने उपसलेला मोहरीचा डबा सहा ओळींत. पाळणाघरातल्या मावशींना लिहिता येत नाही, तर त्यांचे सांगणे म्युनिकच्या ताईंप्रमाणे ध्वनिमुद्रित करून घेणार आहे; त्यांनी चमच्याचा आवाज अगदी हुबेहूब काढून दाखवला.

बाबांचे पान कोरे आहे. ठाण्याच्या बाबांचा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचून दाखवला. ‘मला सगळे आठवते, लिहायचे काय त्यात’ असे उत्तर आले. दात कोणत्या महिन्यात आला असे विचारल्यावर त्यांनी पाचवा सांगितला, सासूबाईंनी आठवा, आणि पाळणाघराची नोंदवही सातवा म्हणते. तेव्हा त्या पानावर सध्या तिन्ही महिने लिहून ठेवले आहेत.

आता एक उपप्रश्न, जमल्यास कुणी सांगावे: जावळ पहिल्या वाढदिवसापूर्वीच काढावे असा माझ्या माहेरचा आग्रह आहे, तर सासरी मुलीचे जावळ काढतच नाहीत. तुमच्याकडे मुलींच्या बाबतीत काय रीत आहे?